टीममेटसोबत आणि टीममेटशी: हौशी रोड रेसच्या वीकेंडबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात थंडी पडली की रोड रेसचे दिवस येतात आणि त्यांच्यासोबत मला मेसेजही येऊ लागतात. सायकल कोणती घ्यावी, टायर किती रुंद असावेत हे प्रश्न आता कमी झालेत. जास्त प्रश्न माणसांबद्दलचे असतात. मित्रासोबत नाव नोंदवलं, जर्सी सारखी शिवून घेतली, दोघांनाही जिंकायचंय, आता काय? पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. नियम आयोजकागणिक बदलतात, त्यामुळे तुमच्या रेसचं नियमपत्रक आणि सकाळचं ब्रीफिंग यांचा शब्द शेवटचा.

१. रेस वीकेंडला दोन दिवस नेमकं काय असतं?

टाइम ट्रायल, क्रिट आणि रोड रेस यांपैकी दोन किंवा तिन्ही. टाइम ट्रायलमध्ये ३० सेकंद किंवा १ मिनिटाच्या अंतराने एकेकाला सोडतात आणि लढत घड्याळाशी असते. क्रिट म्हणजे छोट्या बंद सर्किटवरच्या फेऱ्या, शेवटच्या फेरीला घंटा वाजते. रोड रेसमध्ये सगळे एकदम सुटतात आणि जो आधी रेषा ओलांडेल तो पहिला. काही ठिकाणी दोन्ही दिवसांच्या वेळा जोडून एकच निकाल लावतात, काही ठिकाणी प्रत्येक शर्यतीचा निकाल वेगळा असतो. नाव नोंदवतानाच हे विचारून घ्या. वेळा जोडणार असतील तर शनिवारी जो पुढे राहिला, रविवारचं काम बहुधा त्याच्यासाठीच करावं लागतं.

२. सायकलिंग तर एकट्याचा खेळ. टीममेट असून फायदा काय?

फायदा हवेचा. सपाट रस्त्यावर ताशी ३५-४० किलोमीटरला तुमची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. त्यासाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग ३० वरून ४० वर न्यायचा, तर वेग दीडपटही होत नाही, पण हवेसाठीची ताकद २.३७ पट लागते. पुढच्याच्या चाकामागे नीट बसलं की साधारण पाव ते एक तृतीयांश मेहनत वाचते. आपल्याकडे 'व्हीलवर बसणं' म्हणतात ते हेच.

आता नागपूरचा विचार करा. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर आणि भोवतालचा मुलूख बराचसा सपाट. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट आहे, तिथे चढावर माणसं आपोआप गळतात आणि 'घाटांचा राजा' वेगळा ठरतो. आपल्याकडे सेमिनरी हिल्सचा चढ सुरू होतो न होतो तोच संपतो. उमरेड रोड किंवा काटोल रोडसारख्या रस्त्यावर एकट्याने पळून जाणाऱ्याला मागचा ग्रुप आळीपाळीने ओढून परत पकडतो. त्यामुळे घाटातल्या रायडरपेक्षा आपल्याला टीममेटची गरज जास्त आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. एकाने पुढे जायचं, दुसऱ्याने मागच्यांच्या पाठलागात भर घालायची नाही. एवढ्यावरही रेस फिरते.

३. कोण जिंकणार हे आधीच ठरवायचं का? ही फिक्सिंग नाही का?

फिक्सिंग नाही. रोड रेसिंगमध्ये एकाच टीमच्या रायडरांनी एकासाठी राबणं हा खेळाचाच भाग आहे. पैसे देऊन किंवा घेऊन *दुसऱ्या* टीमच्या माणसाला जिंकू देणं ही फिक्सिंग.

पण 'कोण जिंकणार' हे ठरवू नका. कोणत्या परिस्थितीत कोण कोणासाठी काम करेल, ते ठरवा. या दोन्हींत फार फरक आहे. शुक्रवारी संध्याकाळी, बिब नंबर घेऊन आल्यावर, फुटाळा तलावावर अर्धा तास बसा आणि चार गोष्टी तोंडाने बोला. बंच स्प्रिंट झाला, म्हणजे सगळा ग्रुप एकत्रच रेषेकडे सुटला, तर कोण कोणाला लीडआउट देणार, म्हणजे शेवटपर्यंत पुढे राहून ओढून नेणार? एक जण ब्रेकमध्ये, म्हणजे पुढे निसटलेल्या छोट्या टोळीत, गेला तर दुसरा काय करणार? दोघंही ब्रेकमध्ये असलो तर आधी अटॅक कोणाचा, म्हणजे आधी सुटून कोण जाणार? शेवटी दोघंच उरलो तर?

चौथा प्रश्न विचारायला लोक लाजतात. 'अरे, तेवढं कुठे जमणार आपल्याला' म्हणून उडवून लावतात. नेमका तोच विचारा. दोन मित्रांचं फाटतं ते बहुतेक याच प्रश्नावर. ज्याला जिंकायचंय त्याने 'मला जिंकायचंय' असं सरळ म्हणावं. मनात ठेवून 'तू जा भाऊ, मी आहे मागे' म्हणणाऱ्या मित्रासोबत रेस करणं फार अवघड.

४. टाइम ट्रायलमध्ये टीममेटला मदत करता येते का?

रस्त्यावर नाही. तिथे प्रत्येक जण एकटा. तुमच्या एक मिनिट आधी सुटलेला टीममेट वाटेत सापडला तरी त्याच्या व्हीलवर बसता येत नाही, त्यालाही तुमच्या बसता येत नाही. आंतरराष्ट्रीय नियम असा आहे की ओलांडताना बाजूने किमान २ मीटर अंतर ठेवायचं आणि १ किलोमीटरनंतर मागे पडलेल्याने किमान २५ मीटर मागे राहायचं. हौशी शर्यतीत आयोजक आकडे बदलतात, पण मुद्दा तोच असतो.

मदत होते ती आधी आणि नंतर. जो आधी परत येईल त्याने सांगावं की यू-टर्नला गिट्टी आहे, परतीला वारा समोरून आहे. हे ऐकायला साधं वाटतं, पण वारा परतीला समोरून असेल तर जाताना किती राखून ठेवायचं, याचा सगळा हिशोब या एका वाक्यावर बदलतो.

५. टीममेट ब्रेकमध्ये गेला, मी मागच्या ग्रुपमध्ये अडकलो. माझ्या पायांत दम आहे. मी काय करू?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच आहे. उत्तर एका वाक्याचं: पाठलाग करू नका. तरी जरा थांबून सांगतो, कारण हे मी स्वतः चुकलोय.

शेवटचे बारा-तेरा किलोमीटर उरले होते. माझा टीममेट आणखी दोघांसोबत निघून गेला. मी मागे, पंधराएक जणांत. शेजारचा ओरडत होता, 'कोणीच काही करून नाही राहिलं!' आणि मी, पाय हलके वाटत होते म्हणून, पुढे गेलो आणि ओढायला लागलो. डोकं खाली, नजर पुढच्या डांबरावर. वाटत होतं, जबरदस्त चाललंय. दोन किलोमीटरवर आम्ही त्यांना पकडलं. मान वर केली तर समोर आमचीच जर्सी, खिशाची शिवण उसवलेली. मीच त्याला सेफ्टी पिन लावून दिली होती सकाळी. पहिल्या पाचांत आम्ही दोघंही आलो नाही. नंतर तंबूत तो संत्रं सोलत बसला होता. अर्धं माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाला, 'मलेच पकडाले आला होता का बे?'

मला उत्तर देता आलं नाही. त्याचा आवाज चढलाही नव्हता.

आता गणित बघा. समजा ८ किलोमीटर उरलेत, ब्रेक ४० सेकंद पुढे आहे आणि ताशी ४० ने चाललाय. त्यांना १२ मिनिटं लागतील. मागचा ग्रुप ताशी ४२ ने आला तर त्याला ११ मिनिटं २६ सेकंद लागतात. म्हणजे ३४ सेकंद भरून निघाले, ६ सेकंद उरले, टीममेट वाचला. ग्रुपमधला एक ताजातवाना माणूस पुढे येऊन वेग ४३ वर नेतो तेव्हा हेच ६ सेकंद संपतात. तो माणूस तुम्ही नसावं, एवढीच अपेक्षा आहे.

ग्रुपमधून कोणी एकटा ब्रेककडे उडी मारली, तर तुम्ही त्याच्या व्हीलवर बसून फुकट पुढे जाऊ शकता. ते योग्यच आहे. फक्त त्याला एकही पुल (पुढे येऊन हवा कापायची पाळी) द्यायचा नाही. तो चिडेल, चिडू द्या.

६. मग मागच्या ग्रुपला मुद्दाम हळू करू का?

इथे रेषा बारीक आहे. पुल न देणं, दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवर बसून रोटेशनची, म्हणजे पाळ्यांची, लय मोडणं, वळणावर आपला नेहमीचाच वेग ठेवणं, हे सगळं चालतं. पुढे जाऊन ब्रेक मारणं, दोघा-तिघांनी आडवं पसरून रस्ता अडवणं, आडवं वळून एखाद्याला कडेला लोटणं, हे चालत नाही. मार्शलने पाहिलं नाही तरी चालत नाही. आपले रस्ते पूर्ण बंद असतीलच असं नाही. गतिरोधक असतो, कुत्रं असतं, काटोल रोडला डिसेंबरात संत्र्यांच्या गाड्या असतात. ताशी ४० च्या ग्रुपमध्ये कोणी ब्रेक मारला तर पडतो तो सहाव्या-सातव्या नंबरवरचा, ज्याला कारणही दिसलेलं नसतं.

७. ब्रेकमध्ये तिघं आहोत, त्यांत दोघं आम्ही. हे कसं खेळायचं?

यापेक्षा चांगली स्थिती मिळत नाही आणि हौशी रायडर ती सर्रास वाया घालवतात. दोघंही मान खाली घालून ओढत राहतात आणि तिसरा आरामात बसून स्प्रिंट मारतो.

अंतर सुरक्षित झालं की आळीपाळीने अटॅक करा. एक सुटला की तिसऱ्याला एकट्याने पाठलाग करावा लागतो आणि दुसरा टीममेट त्याच्या व्हीलवर बसतो. पकडला की लगेच दुसऱ्याने सुटायचं. तीन-चार खेपांत त्याचे पाय जातात. आधी अटॅक करणाऱ्याने जीव तोडूनच करावा. 'आपला पकडला जाण्यासाठीचाच अटॅक आहे' असं मानून अर्ध्या मनाने गेलात, तर तिसरा जागचा हलत नाही.

८. शेवटी आम्ही दोघंच उरलो. स्प्रिंट करायचा, की हात धरून रेषा ओलांडायची?

हात धरून ओलांडलेली सगळ्यात गाजलेली रेषा १९८६ च्या टूर द फ्रान्समधली. जागा आल्प द्युएझ या चढाचा माथा; बर्नार्ड इनो आणि ग्रेग लेमॉन्ड, दोघंही एकाच टीमचे. आदल्या वर्षी लेमॉन्डने इनोसाठी काम केलं होतं आणि पुढच्या वर्षी मी तुझ्यासाठी करेन, असा शब्द इनोने दिला होता. पण ८६ साली तोच अटॅक करत राहिला. माथ्यावर दोघं हसत, एकमेकांना धरून आले आणि टप्पा इनोच्या नावावर गेला. टूर अखेर लेमॉन्डने जिंकली. फोटो सुंदर आहे, पण त्या वेळी दोघांत विश्वास उरला नव्हता.

दुसरं उदाहरण १९९६ च्या पॅरिस-रुबे या एका दिवसाच्या शर्यतीचं. मापेई टीमचे तिघं, म्युझेउव, बोर्तोलामी आणि ताफी, एकत्र पोहोचले. क्रम टीमच्या गाडीतून ठरला आणि म्युझेउव पहिला आला. टीमला पहिले तीन क्रमांक मिळाले, पण मागे राहिलेल्या दोघांचं काय, ही चर्चा आजही होते.

आपण पगारी रायडर नाही, आपल्यामागे प्रायोजकाची गाडी नाही. म्हणून माझा सल्ला: प्रश्न ३ मधलं बोलणं झालं असेल तर ठरल्याप्रमाणे करा. झालं नसेल तर मागच्यांचं अंतर बघा, शेवटच्या ५०० मीटरपर्यंत बरोबरीने काम करा आणि मग मनापासून स्प्रिंट करा. हरलेल्याला 'मी सोडलं' असं म्हणायची सोय राहत नाही, आणि जिंकलेल्याला 'मला दिलं' असं ऐकावं लागत नाही. हात सोडून हात धरायला जाऊ नका. शेवटच्या मीटरमध्ये चाकात चाक अडकून पडलेले मी पाहिले आहेत.

९. ठरलेलं होतं, पण टीममेटने शब्द मोडला. आता?

आधी एक गोष्ट तपासा: त्याने शब्द मोडला, की परिस्थिती बदलली? तुम्ही मागे पडलात, तुमच्यासाठी थांबून काही होणार नव्हतं, म्हणून तो स्वतःसाठी गेला, तर ते शहाणपण आहे. तुम्ही ब्रेकमध्ये असताना तो ग्रुप घेऊन आला, तर बोलायला हवं. पण ते बेसावधपणेही होतं, प्रश्न ५ बघा.

मोठ्यांनाही हे सुटलेलं नाही. १९८७ च्या जिरोत, म्हणजे इटलीच्या मोठ्या शर्यतीत, स्टीफन रोश आपल्याच टीमच्या, गुलाबी (आघाडीवरच्याच्या) जर्सीतल्या व्हिसेंतिनीला मागे टाकून गेला. जिरो जिंकला, पण इटालियन प्रेक्षकांचा रोष घेऊनच. उलट २०२३ च्या व्हुएल्टात, म्हणजे स्पेनच्या शर्यतीत, सेप कुस लाल जर्सीत, म्हणजे आघाडीवर होता. वर्षभर त्याने रोग्लिच आणि व्हिंगेगोर या टीममेटांसाठी राबून त्यांना जिरो आणि टूर जिंकून दिली होती. अँग्लिरूच्या चढावर मात्र हेच दोघं त्याला सोडून पुढे गेले आणि त्याची आघाडी ८ सेकंदांवर आली. त्यानंतर दोघं त्याच्या बाजूने उभे राहिले आणि कुस जिंकला. मला हे उदाहरण जवळचं वाटतं, कारण चूक झाल्यावर ती तीन आठवड्यांच्या रेसमध्येच दुरुस्त झाली.

तुम्ही त्याच दिवशी बोलू नका. पोटात काही गेलेलं नसताना, पायांत गोळे असताना केलेलं भांडण खोटं मोठं होतं. मंगळवारच्या राइडला जा, आणि ग्रुपवर लिहिण्याऐवजी समोरासमोर सांगा: 'दोन किलोमीटरवर तू ओढत होतास, मला वाईट वाटलं.' एवढं नेमकं. 'तू नेहमीच असं करतोस' नको.

१०. मी टीममेटपेक्षा बराच कमजोर आहे. माझा काय उपयोग?

खूप. सुरुवातीच्या तासात त्याला वाऱ्यापासून झाकायचं. वारा उजवीकडून असेल तर तुम्ही उजवीकडे, थोडं पुढे, आणि तो डावीकडे तुमच्या आडोशाला. गाडीतळावर बाटल्या भरून ठेवायच्या. वळणाआधी त्याला पुढच्या दहांत आणून सोडायचं. निकालात तुमचा क्रमांक चाळिसावा दिसेल. पण तुम्ही काय केलंत ते तुमच्या टीममेटला पक्कं माहीत असतं आणि त्याने ते सगळ्यांसमोर सांगितलं पाहिजे. नाही सांगितलं तर तो चांगला टीममेट नाही, हे मी ठामपणे म्हणतो.

११. टीममेट पंक्चर झाला तर थांबू का? माझं चाक देऊ का?

क्रिटमध्ये बहुधा गरज नसते. पंक्चर किंवा अपघात झालेल्याला ठरावीक जागी येऊन एखादी फेरी सवलतीची घेता येते आणि आपल्याच ग्रुपमध्ये परत सोडतात. शेवटच्या काही फेऱ्यांत ही सवलत बंद होते.

रोड रेसमध्ये टीममेटला चाक देणं साधारण मान्य असतं. पण आधी घरी तपासा: दोघांची डिस्क की रिम ब्रेक, अ‍ॅक्सल एकाच मापाचा, कॅसेट (मागच्या गिअरचा संच) ११ ची की १२ ची? यातलं एक जरी जुळलं नाही, तर रस्त्याच्या कडेला दोघं उभे राहाल. नुसतं थांबायचं असेल तर त्याला ट्यूब बदलू द्या आणि मग आळीपाळीने ओढत परत आणा. पाठीवर हात ठेवून ढकलणं मात्र नियमाबाहेर आहे.

तो *पडला* असेल तर हे सगळं सोडा आणि थांबा. रेस तुमच्यासाठी संपली असं समजा.

१२. माझी मुलगी आणि मी एकाच टीममध्ये, पण कॅटेगरी वेगळी. मी तिच्यासाठी ओढू शकतो का?

एका बाबांचा प्रश्न, आणि दरवर्षी कोणी ना कोणी विचारतंच. नाही. बहुतेक नियमपत्रकांत दुसऱ्या कॅटेगरीच्या रायडरचं व्हील घ्यायला किंवा द्यायला मनाई असते, दोन्ही शर्यती एकाच रस्त्यावर चालू असल्या तरी. मागून पुरुषांचा ग्रुप आला तर महिलांनी एका बाजूने आपली लाइन धरून राहावं आणि ग्रुपने दुसऱ्या बाजूने निघून जावं. तुम्ही ओढलंत तर ती बाद होऊ शकते. आयोजकांनी महिलांना पुरुषांसोबत एकाच शर्यतीत सोडून फक्त निकाल वेगळा लावला असेल तर नियम वेगळा असू शकतो. सुटण्याआधी कमिसेरला (रेसच्या पंचाला) विचारा, तिच्या देखत.

१३. दोघांनी मिळून सराव कुठे आणि कसा करावा?

पहाटे, आणि शहराबाहेर. काटोल रोड, उमरेड रोड, रामटेककडचा रस्ता. रामटेक जाऊन-येऊन साधारण शंभर किलोमीटर होतात, शेवटी गडाचा चढही मिळतो. समृद्धी महामार्ग गुळगुळीत दिसतो, पण तिथे सायकलला परवानगी नाही. मार्च संपत आला की आठच्या आत घरी या. आपल्या उन्हाशी खेळू नका.

सरावात एक गोष्ट मुद्दाम करा: एकमेकांच्या व्हीलवर वीस-तीस सेंटिमीटरवर बसायची सवय. हाताच्या खुणा ठरवा, कोपर हलवलं की 'पुढे ये', मांडीवर थाप मारली की 'माझे पाय गेले'. रेसमध्ये ओरडून सांगितलेलं सगळ्यांनाच ऐकू जातं.

१४. शनिवारी रात्री काय खायचं?

वरण-भात, पोळी, रोजचंच. सावजी नको. मला सावजी मनापासून आवडतं, तरी शनिवारी नको. रेस दीड तासाहून मोठी असेल तर तासाला साधारण ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट जाईल असं बघा, म्हणजे दोन केळी आणि बाटलीत थोडी साखर-मीठ. टीममेटने दिलेली नवी जेल रेसच्या दिवशी पहिल्यांदा खाऊ नका. तर्री पोहे रेस झाल्यावर.

१५. बक्षिसाचे पैसे वाटायचे का?

मी म्हणेन, हो. ज्याला मिळाले त्याने निम्मे द्यावेत, आणि हेही शुक्रवारीच बोलून घ्यावं. मेडल ज्याचं त्याचं.

१६. वेळ मोजणाऱ्या चिपवर माझा वेळ कमी दाखवतोय, पण टीममेट माझ्या आधी आत आला. पहिला कोण?

टीममेट. रोड रेस आणि क्रिटमध्ये क्रम रेषा ओलांडण्याचा असतो. पुढच्या चाकाचा टायर रेषेवर आधी कोणाचा पोहोचला, एवढंच बघतात. सुरुवातीच्या, चिप वाचणाऱ्या चटईवरून तुम्ही दहा सेकंद उशिरा निघालात म्हणून चिप तुमचा वेळ कमी दाखवते. तो टाइम ट्रायलला उपयोगी, इथे नाही.

सॉफ्टवेअर चुकून चिपच्या वेळेवर क्रम लावतं, हे हौशी रेसमध्ये होतं. निकालपत्रक लागलं आणि तुमचं नाव टीममेटच्या वर दिसलं, तर हरकतीची मुदत संपण्याआधी टेबलावर जा. त्याने एकट्याने जाण्याऐवजी दोघांनी जा, आणि 'हा माझ्या आधी आत आला' हे तुम्ही सांगा. कमिसेर दोन मिनिटांत क्रम बदलून देतात.